युद्धातून सावरणाऱ्या घरातलं मूल: सांगलीत बसून पालकत्व कसं निभवायचं

आधी एक शब्द दुरुस्त करू. आपल्याकडे ‘मूल दत्तक घेतलं’ असं सहज म्हणतात. सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजनेपासून तो शब्द शाळांतही रुळला. पण कायद्याने दत्तक घेणं ही वेगळीच गोष्ट, आणि युद्ध होऊन गेलेल्या मुलखात तर हा शब्द तोंडातून न निघालेला बरा. तिथल्या बहुतेक मुलांना आई असते, आजी असते. बाप ‘बेपत्ता’ असतो. ‘आम्ही तुमची मुलगी दत्तक घेतली’ असं परक्याच्या पत्रातून कळल्यावर त्या आईच्या पोटात काय होईल? तुम्ही घेता ते शैक्षणिक पालकत्व: ठरलेली रक्कम, ठरलेल्या मुदतीपर्यंत, एका मुलाच्या नावाने, पण त्याच्या सगळ्या घरासाठी.

ही पद्धत युद्धातूनच आली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराने निर्वासित मुलांसाठी ‘एक देणगीदार, एक मूल’ अशी रचना सुरू केली, तीच पुढे ‘प्लॅन’ संस्था झाली. १९५० च्या दशकात कोरियाच्या युद्धातल्या मुलांसाठी वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन उभ्या राहिल्या. आपल्या उंबऱ्याशी घडलेलं मात्र आपण विसरतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. काही मुलं पाचगणीच्या शाळांत शिकली. छावणीत मुलं आयांजवळ होती, त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, दुकानं होती. मूल उचलून वेगळं वाढवण्याऐवजी घरच सावरायला मदत करायची, हे तिथे दिसत होतं. पुढचं सगळं याच धोरणाने वाचा.

पैसे नेमके कुठे जातात

बहुतेक देणगीदारांच्या डोळ्यापुढे असं चित्र असतं की आपले साडेतीन हजार महिन्याच्या पाच तारखेला त्या पोराच्या आईच्या हातात पडतात. असं क्वचित होतं. ढोबळमानाने तीन रचना आहेत. पहिलीत पैसे गावाच्या सामायिक खात्यात जातात. त्यातून विहीर, शाळेची खोली, बियाणं, दवाखान्याची फेरी असं काही होतं, आणि तुमचं मूल हे त्या गावाचं तुम्हाला दिसणारं तोंड. दुसरीत मूल आठवड्यातून एक-दोनदा केंद्रावर जातं, तिथे अभ्यास, जेवण, तपासणी होते आणि खर्च मुलागणिक मांडला जातो. तिसरीत रक्कम किंवा वस्तू थेट घरी पोचते.

यात एकच बरोबर असं नाही. युद्धानंतरच्या खेड्यात पहिली रचना पुष्कळदा शहाणपणाची ठरते, कारण तिथे एका घराला शेळी मिळाली आणि शेजारच्याला नाही, तर जुनं वैर नव्याने पेटतं. बंडखोरांच्या बाजूचं घर कोणतं, सरकारच्या बाजूचं कोणतं, हे गावाला पाठ असतं. पण जाहिरातीत ‘तुमचे पैसे थेट या मुलाला’ असं लिहून प्रत्यक्षात पहिली रचना चालवणारी संस्था असेल तर सावध व्हा. पद्धत चुकीची नसते, सांगण्यातला खोटेपणा चुकीचा असतो.

परिणाम किती, याचं माप उपलब्ध आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी सहा देशांत (त्यात भारतही होता) कम्पॅशनच्या कार्यक्रमातल्या मुलांची मोठेपणी पाहणी केली. २०१३ मध्ये ती छापून आली. मदत मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. वर्ष-दीड वर्ष म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण सातवीत शाळा सुटणं आणि आठवी-नववी पार करणं यातलं हे अंतर आहे. हा निकाल दुसऱ्या रचनेचा, केंद्रावर नियमित जाणाऱ्या मुलांचा आहे. तो सगळ्याच संस्थांच्या नावे जमा करू नका.

घर उभं राहतं ते कोणत्या क्रमाने

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पलूस, वाळवा, मिरज, शिराळा या भागांत भांड्यांपेक्षा मोठी पंचाईत झाली ती भिजलेल्या कागदांची. रेशनकार्ड, सातबारा, दाखले, पासबुक यांतलं काही नसलं की अनुदानाच्या रांगेत तुम्ही शेवटचे. युद्धानंतर हेच होतं, फक्त रांग वर्षानुवर्षं हलत नाही.

म्हणून पहिलं काम कागद. जन्मदाखला नसेल तर मुलाला शाळेत बसता येतं, पण बोर्डाच्या परीक्षेला अडतं. बाप बेपत्ता असेल तर आणखी चिघळतं: मृत्यूचा दाखला नाही, म्हणून जमीन आईच्या नावावर होत नाही, विधवेची मदत मिळत नाही. आणि मृत्यूचा दाखला मागायचा म्हणजे ‘तो गेला’ हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं; पुष्कळ बायका ते करायला तयार नसतात. श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपलं. बेपत्ता माणसासाठी मृत्यूचा नव्हे, ‘गैरहजेरीचा दाखला’ देण्याची सोय कायद्याने झाली ती २०१६ मध्ये. मधली सात वर्षं हजारो घरं अधांतरी होती. तुमच्या संस्थेकडे दाखल्यांची कामं करणारा माणूस आहे का, हे दप्तर-वह्यांच्या आधी विचारा.

दुसरं, जमीन. सुरुंग काढलेले नसतील तर शेत असून नसल्यासारखं. उत्तर युगांडात वेगळाच पेच पडला. लोक छावण्यांत दहा-दहा वर्षं राहिले आणि २००६ नंतर परतले तेव्हा बांध कुठे होता हे सांगणारी म्हातारी माणसं उरली नव्हती. बांधाचं भांडण म्हणजे काय हे तासगाव-खटावच्या माणसाला समजावून सांगायला नको. तिथे ते विधवेवर आधी येतं: दीर म्हणतो, नवरा गेला, आता तुझा इथे काय संबंध.

तिसरं, कमाईचं साधन. यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून बघू.

शेळी घ्या. कागदावर हिशेब सोपा: दोन शेळ्या, वर्ष-दीड वर्षात चार करडं, एक विकली की फी निघाली. प्रत्यक्षात शेळ्या दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारातून एकदम पन्नास आणल्या जातात, ट्रकमध्ये दाटीने येतात, हवापाणी बदलतं, पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस टोचलेली नसते, आणि पहिल्या दोन महिन्यांत मरतुक होते. ज्या जगतात त्या पावसाआधीच्या टंचाईच्या महिन्यांत विकल्या जातात, कारण घरात धान्यच नसतं. बाई शेळी विकते हा तिचा दोष नाही, पोरांच्या पोटापुढे करडांचा विचार कोण करेल? म्हणून शेळी द्यायची तर तिच्यासोबत पहिल्या टंचाईच्या तीन महिन्यांचं धान्य, आणण्याआधी निदान तीन आठवडे टोचलेली लस, आणि शेळ्या जवळच्याच बाजारातल्या, एवढं हवं. संस्थेच्या अहवालात फक्त ‘५० शेळ्या वाटल्या’ असेल तर विचारा: सहा महिन्यांनी त्यांतल्या किती होत्या?

बियाण्याचं गणित तिथीचं आहे. उत्तर श्रीलंकेत भाताची मोठी पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्य मोसमी पावसावर होते. डिसेंबरात पोचलेलं बियाणं पुढच्या वर्षापर्यंत राहतच नाही, ते शिजतं. युरोपातल्या संस्था नाताळाला ‘खास भेट’ मागतात तेव्हा ही तारीख डोक्यात ठेवा. पेरणीसाठी द्यायचे असतील तर पैसे ऑगस्टात गेले पाहिजेत.

आणि शिलाई मशीन. जगातली प्रत्येक संस्था विधवेला शिलाई मशीन देते. एका गावात बारा मशिनी झाल्या की ब्लाउज शिवायचे कोणाचे?

चौथं, कर्ज. श्रीलंकेच्या उत्तर भागात युद्धानंतर मायक्रोफायनान्स कंपन्या शिरल्या आणि बायकांच्या नावाने आठवड्याच्या हप्त्याची कर्जं वाटली गेली. प्रश्न इतका चिघळला की २०१८ मध्ये सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची छोटी कर्जं माफ करावी लागली. आपल्याकडेही गटाच्या बैठकीला हप्ता कमी पडला की बाकीच्या बायका त्या एकीच्या दारात बसतात, तसंच तिथे. घरावर असं कर्ज असेल तर तुमची मदत मुलाच्या दप्तरात न जाता सरळ वसुलीवाल्याच्या पिशवीत जाते. चांगला कार्यकर्ता पहिल्याच भेटीत कर्जाची नोंद करतो.

पाचवं, शाळा, आणि तिचा खर्च देशागणिक वेगळा. श्रीलंकेत सरकारी शिक्षण १९४५ पासून मोफत, पुस्तकं आणि गणवेशाचं कापडही सरकारचं. तिथे पैसे लागतात ते शिकवणीला, बुटांना, बसला. अकरावीनंतरच्या ओ-लेव्हल परीक्षेत गळती मोठी, तिथे खरा आधार हवा. युगांडात १९९७ पासून प्राथमिक शिक्षण ‘मोफत’ आहे, पण गणवेश, दुपारचं जेवण, परीक्षेचा खर्च पालकांवर येतो आणि सातवीच्या परीक्षेनंतर पुष्कळ मुलं थांबतात. तेव्हा ‘फी भरली का’ हा प्रश्न सगळीकडे सारखा लागू नाही. ‘या मुलाचं शाळेत जाणं नेमकं कशावर अडतं’ असं विचारा.

संस्था पारखताना

माहितीपत्रकावरचे फोटो बाजूला ठेवा आणि फोनवर किंवा मेलवर साधे, मोजता येणारे प्रश्न टाका. एका कार्यकर्त्याकडे किती मुलं? समजा उत्तर आलं ३००. महिन्याचे २० कामाचे दिवस, दिवसाला चार घरं, म्हणजे महिन्याला ८० भेटी. एका मुलाची पाळी जवळजवळ चार महिन्यांनी येणार, तीही दुसरं काही काम नसेल तर. वर्षातून चार भेटींचं आश्वासन देणाऱ्या संस्थेला हे गणित कसं बसवता म्हणून विचारा.

गेल्या वर्षी किती मुलं कार्यक्रमातून बाहेर पडली आणि का? ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर ती संस्था मोजतच नसावी. युद्धानंतरच्या मुलखात कुटुंबं हलतात, मुली लग्न होऊन जातात, मुलं शहरात कामाला जातात. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी स्वतः देणगीदार होऊन आपापल्या मुलांचा माग काढला. मालीमधली एक मुलगी केव्हाच वारली होती आणि तिच्या नावाने पैसे घेणं चालूच होतं. त्या बातम्यांनंतर मोठ्या संस्थांनी आपली तपासणी कडक केली, पण प्रश्न विचारायची गरज संपलेली नाही.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: तुम्ही या गावातून कधी निघणार, आणि निघताना काय ठेवून जाणार? भारतातच याचं मोठं उदाहरण आहे. परदेशी देणग्यांच्या परवानगीवरून अडल्यावर कम्पॅशनला २०१७ मध्ये इथला कार्यक्रम बंद करावा लागला आणि जवळजवळ दीड लाख मुलांची मदत एकदम थांबली. चूक कोणाची हा वाद वेगळा. पालकत्व सरकारी आदेशाने, युद्ध पुन्हा पेटल्याने किंवा संस्थेकडचे पैसे आटल्याने मध्येच तुटू शकतं, हे धरून चालणारी संस्था मुलाच्या नावाने निदान एका शैक्षणिक वर्षाचा खर्च बाजूला ठेवते.

भारतीय संस्था असेल तर ८०जी नोंदणी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती), सरकारच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक, शेवटच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. देताना कुणी कुरकुरलं तर तिथेच थांबा.

पैसे पाठवणं

परदेशी संस्थांची महिन्याची रक्कम साधारण ४० डॉलरच्या आसपास असते, म्हणजे रुपयांत साडेतीन हजारांच्या घरात. वर्षाला ४२,०००. मूल सात वर्षांचं असेल आणि ते सतरा वर्षांचं होईपर्यंत तुम्ही निभावणार असाल तर ४ लाख २० हजार, तेही डॉलर आहे तिथेच राहिला तर. ही बेरीज पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांसमोर करा. द्राक्षाला दर चांगला मिळालेल्या वर्षी उत्साहात घेतलेलं पालकत्व अवकाळीच्या वर्षी सुटतं. नेमानं दिलेले हजार रुपये, दोन वर्षं देऊन थांबलेल्या चार हजारांपेक्षा त्या घराला जास्त उपयोगी पडतात, कारण आई त्या हजारावर पुढचं ठरवू शकते.

परदेशी संस्थेला पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून जातात. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, तिची तुम्हाला चिंता नाही. लागतं ते पॅन आणि ए-२ फॉर्म. त्यात उद्देशाचा कोड असतो, परदेशी धर्मादाय संस्थेला देणगीसाठी एस १३०३. पतसंस्थेतून हे होत नाही, आणि बँकेच्या प्रत्येक शाखेतही होत नाही. परकीय चलनाचं काम करणारी शाखा कोणती ते आधी विचारा, नाहीतर विश्रामबाग ते मिरज अशा फेऱ्या होतात. वर्षभरात तुमची सगळी परदेशी पाठवणी १० लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. पोरगा जर्मनीत शिकत असेल आणि त्याला तुमच्या बचतीतून पैसे जात असतील तर तेही याच हिशेबात येतात. आणि परदेशी संस्थेच्या देणगीवर इथे ८०जीची सवलत नाही.

दरमहा पाठवू नका. समजा एका पाठवणीला बँकेचं शुल्क, जीएसटी आणि मधल्या बँकेची कपात मिळून १,५०० रुपये गेले, तर वर्षाला १८,००० वाटेतच गेले. सहामाही पाठवलं तर ३,०००. फॉर्मवर ‘सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून’ हा पर्याय निवडा, नाहीतर ४० डॉलरचे तिकडे २५ पोचतात आणि संस्थेच्या संगणकात तुम्ही थकबाकीदार दिसता. कार्डावरून परदेशी वेबसाइटवर दरमहा आपोआप कपात लावली तर आपल्या बँकांच्या नियमांमुळे ती अनेकदा अडकते. तीन महिने अडकली की मूल ‘पालक नसलेलं’ म्हणून पुन्हा यादीत जातं आणि दुसऱ्याला दिलं जातं. तुम्हाला कळतं ते पत्र येणं थांबल्यावर.

मित्रांनी भिशीसारखे पैसे गोळा करून एकाच्या खात्यातून परदेशी पाठवायचा मोह टाळा. ही परवानगी ज्याच्या त्याच्या स्वतःच्या पैशाला आहे. मंडळाच्या ट्रस्टमधूनही नाही: धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीत बसत नाही, हिशेबनीस कपाळावर हात मारून घेईल. आणि मंडळाची नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी काढायची तर गणेशोत्सवासारखाच धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा, कलम ४१ क चा विषय येतो. गटानेच करायचं असेल तर देशातली ८०जी असलेली संस्था निवडा; तिथे प्रत्येकाने आपापल्या नावाने भरायचं, पावती ज्याची त्याला. रोख देऊ नका, २,००० च्या वर रोखीच्या देणगीला सवलतच मिळत नाही.

पत्र

पत्र ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. मराठी पत्राचा तमिळ किंवा आचोली (उत्तर युगांडातली भाषा) अनुवाद करणारा माणूस तिकडे नसतो, तेव्हा सोप्या इंग्रजीत, एक पान, छोटी वाक्यं. जाऊन उत्तर यायला दोन-तीन महिने धरा. मध्ये पावसाळ्यात रस्ता बंद असेल तर आणखी.

विचारायचं काय, यापेक्षा काय विचारायचं नाही हे आधी. युद्धाबद्दल नाही. वडिलांबद्दल नाही. ‘तुला भीती वाटते का’ नाही. तुमचा पत्ता, फोन, आडनाव नाही. भेटायला येण्याचं वचन नाही. गाडी, नवं घर, लग्नातले दागिने असलेले फोटो नाहीत.

मग लिहायचं काय? इथे सांगलीकराचं नशीब चांगलं आहे. अमेरिकेतल्या देणगीदाराला बर्फाबद्दल लिहावं लागतं. तुमचं जग त्या मुलाला ओळखीचं आहे. असं काही लिहा: ‘आमच्या गावात आता हळद शिजवतात. मोठ्या कढईतून वाफ निघते आणि सगळ्या रस्त्याला वास येतो. नंतर हळद पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवतात आणि आम्हाला तिच्यावरून चालू देत नाहीत. बेंदराला आम्ही बैलांची शिंगं रंगवतो, या वर्षी निळी रंगवली. तुमच्याकडे बैल आहेत का? त्यांची नावं काय?’ मुलाला उत्तर द्यायला यातून दहा गोष्टी मिळतात. ‘अभ्यास कर, मोठा हो’ याला ‘हो’ शिवाय उत्तर नाही.

पार्सल पाठवू नका. जकातीत अडकतं, सोडवायला गेलेल्या कार्यकर्त्याचा दिवस जातो आणि शेजारच्या पोराला काहीच मिळत नाही. पत्रासोबत चपट्या वस्तू चालतात: चिकटचित्रं, एखादं चित्र, सुती रुमाल. भाऊ-बहीण असतील तर तितक्या द्या. एकाच घरात एकीला नवं दप्तर आणि दुसऱ्याला पिशवी असं झालं की मारामारी तुमच्या नावाने होते. सणाची जादा भेट द्यायचीच तर संस्थेमार्फत घरासाठी द्या, रक्कम लहान ठेवा आणि कशाला खर्च झाली ते विचारा. एका बापाने त्या रकमेतून छपराचे पत्रे घेतले, छप्पर गळायचं थांबलं, असं उत्तर आलं तर ‘पण मुलासाठी होते’ म्हणून नाराज होऊ नका. कोरड्या घरात वह्या टिकतात.

फोटो

संस्थेकडून आलेला मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर ‘आमची लेक’ म्हणून टाकायचा मोह होतो. टाकू नका. नाव, गाव आणि चेहरा एकत्र आले की युद्धानंतरच्या समाजात त्या घराची ओळख पटते: हे त्या लढणाऱ्याचं पोर, ही त्या खबऱ्याची बायको. सूड घेणारे अजून जिवंत असतात. मुलींच्या बाबतीत धोका आणखी वेगळा. आपल्याकडेही बालन्याय कायद्याचं कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. फोटो घरात भिंतीवर लावा, मागे नाव लिहू नका.

जवळचं घर

लांबचं नको, इथलंच बघू, असं वाटत असेल तर त्यालाही तितकीच शिस्त लागते. सातारा सैनिकांचा जिल्हा. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले, आणि १९६१ मध्ये पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच निघाली. तरी धारातीर्थी पडलेल्या शिपायाच्या किंवा निवृत्तीनंतर लवकर गेलेल्या हवालदाराच्या घरी पैसे घेऊन जाण्याआधी सरकारी हक्क मिळालाय का ते बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या शिक्षण अनुदानाची माहिती मिळते. पंतप्रधान शिष्यवृत्तीत व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये आहेत. सैनिकी नसलेल्या घरात एक किंवा दोन्ही पालक गेले असतील तर बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये, किंवा मिशन वात्सल्यचे ४,०००. मिशन वात्सल्यला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, आदेश बालकल्याण समितीचा. बहुतेक अर्ज अडतात ते मृत्युदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून, किंवा आईचं आणि मुलाचं संयुक्त खातं नाही म्हणून. हे कागद जुळवून द्यायला तुमचे चार दिवस आणि पाचशे रुपये जातील, घराला वर्षाला २७,००० मिळतील.

एवढं झाल्यावर जो खड्डा उरतो तो तुमचा: वसतिगृह, मेस, एसटीचा पास, अकरावीचा क्लास. पैसे आईच्या खात्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीनंतर, असे दोन हप्ते. अमेरिकेतला भाचा एखाद्या ट्रस्टमार्फत यात हातभार लावणार असेल तर त्याचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारा. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ट्रस्टला अडचण नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या, नोंदणीशिवाय ट्रस्टने तिला हात लावायचा नाही.

थांबायची वेळ

मूल मोठं झालं, ठरलेली मुदत भरली की पालकत्व संपतं. ते एकदम संपवू नका. शेवटच्या पत्राआधी वर्षभर संस्थेला सांगा की या मुलाला पुढे काय करायचंय ते विचारा: आयटीआयसारखा कोर्स, शेती, नोकरी. शेवटच्या वर्षात जमलं तर एकदाच लागणारा खर्च उचला, हत्यारांची पेटी किंवा परीक्षेची फी. तुम्हालाच मध्ये थांबावं लागलं, नोकरी गेली, आजारपण आलं, तर गप्प राहून हप्ते चुकवू नका. संस्थेला तीन महिने आधी कळवा, आणि मुलाला दोन ओळी लिहा की पत्रं थांबतायत त्यात त्याची काही चूक नाही. पैसे कमी पडले म्हणून थांबलो, एवढं खरं लिहिलं तरी चालतं. त्या वयाच्या, त्या घरातल्या पोराला ते लगेच समजतं.